बारवेच्या नावाचा दोरा

अमीनाबी गेल्याचं मला वीस-बावीस दिवसांनी कळलं. एरवी तिच्या गावात सकाळी कुणी शिंकलं तर दुपारपर्यंत माझ्या दवाखान्यात त्याची खबर यायची. पण यंदा भादव्यात हैदराबादचं राज्य उलटलं, रस्ते बंद झाले, माणसं दारं लावून बसली आणि दोन कोसांवरची बातमीसुद्धा वाटेत अडकून पडली. रस्ते मोकळे झाल्यावर एका सकाळी तिचा लेक रसूल आणि नात सकीना चालत आले. सकीना आता सतरा वर्षांची, लग्न झालेली. रसूल दारातच उभा राहिला आणि तीच पुढे आली. "दादी गेली, डाक्टरसाब," ती म्हणाली. "ताप आला, चार रोज राहिली. जादा तकलीफ न्हाई झाली." मग तिनं ओढणीच्या टोकाची गाठ सोडली आणि फडक्यात गुंडाळलेली एक लहानशी पुडी माझ्या टेबलावर ठेवली. "हे तुमाला द्यायचं म्हनून सांगून गेली." मी ती पुडी लगेच उघडली नाही. मरणाची बातमी दुसऱ्याला सांगायची मला सवय आहे, पण स्वतःला ती ऐकायची वेळ आली तेव्हा मी नुसता दौतीचं झाकण उघडत-लावत बसलो...

हैदराबादेहून शिकून मी इकडे आलो तो दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू होण्याच्या तीन-चार वर्षं आधी. अंगात परीक्षेची घमेंड होती, आणि ती उतरवायला नारूसारखा दुसरा रोग नाही. तरुण वाचकांना तो माहीत नसला तर बरंच. पाण्यातून पोटात गेलेला हा जंत वर्षभर अंगात वाढतो, हातभर लांब आणि सुतळीसारखा होतो, आणि मग उन्हाळ्यात, नेमका शेताच्या कामाच्या दिवसांत, पायाला फोड आणून बाहेर डोकावतो. आग अशी होते की माणूस पाय पाण्यात बुडवायला धावतो, आणि पाणी लागताच नारू त्यात आपली पिल्लं सोडतो. त्यावर औषध तेव्हा नव्हतं, आजही नाही. माझ्या पहिल्याच उन्हाळ्यात तांड्यावरचा हरसिंग असा पाय घेऊन आला. मी चिमट्यानं नारूचं टोक पकडलं आणि सरळ ओढलं. तो आत तुटला. दोन दिवसांत पाय मांडीपर्यंत सुजला आणि तांड्याच्या लोकांनी हरसिंगला बाजेवर घालून नारू काढणाऱ्या अमीनाबीकडे नेलं. तिसऱ्या दिवशी साठीकडे झुकलेली, उन्हानं रापलेली एक बाई दवाखान्यात आली, बाकावर बसली, आणि सगळ्या रोग्यांसमोर मला म्हणाली, "तुमी शिकलेले हाव, बराबर. पन घाई काहून करून राहिले? त्याला आत वाढायला साल लागलं, अन् तुमी त्याला एका घटकेत भाईर बोलवून राहिले."

मला राग आला, हे कबूल करतो. राग जिरवायला आठ दिवस लागले आणि मग मी तिचं काम बघायला तिच्या घरी गेलो. तुरीच्या वाळलेल्या काडीचा बोटभर तुकडा घ्यायचा, नारूचं टोक सुती दोऱ्यानं त्याला बांधायचं आणि रोज एक-दोन पेरं, तो सैल देईल तेवढंच, गुंडाळायचं. अडला की थांबायचं. पंधरा दिवस, वीस दिवस, कधी महिना. रोगी कुठल्याही जातीचा असो, ती त्याचा पाय आपल्या मांडीवर घेऊन बसायची आणि त्याच्या म्हशीची, सासूची, नांगराची चौकशी करत बोटं चालवायची. नारू पुरा निघाला की तो चुलीत टाकायचा. काडी मात्र रोगी घरी नेत नसे. काडी घरात राहिली तर नारू तिच्या मागावर पुन्हा तेच घर शोधत येतो, अशी सगळ्यांची समजूत. त्यामुळे प्रत्येकाची काडी अमीनाबीकडेच राहायची. ती उकळत्या पाण्यातून काढून वाळवायची आणि कोनाड्यात ठेवून द्यायची.

त्या कोनाड्यानं मला जे शिकवलं ते हैदराबादच्या मास्तरांनी शिकवलं नव्हतं. दवाखान्यात माझी एक जाडजूड वही होती. तिच्यात रोग्याचं नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव, सगळे रकाने सुवाच्य अक्षरात. अमीनाबीला अक्षर येत नव्हतं. तिनं काड्यांच्या मोळ्या बांधल्या होत्या, दर सालाच्या वेगळ्या, आणि त्या माणसांच्या किंवा घरांच्या नव्हत्या, पाणवठ्यांच्या होत्या. गावच्या बारवेचं पाणी पिणाऱ्यांच्या काड्यांना लाल दोरा, पाटलांच्या आडावरच्यांना पांढरा, तांड्याखालच्या झिऱ्याला निळा. लाल मोळी मनगटाएवढी, निळी तिच्याहून थोडी कमी, आणि पांढऱ्या दोऱ्यात तीन-चार काड्या जेमतेम. नारू पाण्यातल्या बारीक पिसवेच्या पोटातून माणसात येतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. तिनं पुस्तक न वाचता कुठलं पाणी वाईट हे कोनाड्यात मांडून ठेवलं होतं. माझ्या वहीत पाण्याचा रकानाच नव्हता. घरी येऊन मी तो आखला, पण तिला ते सांगायला पुढचं वर्ष उजाडलं.

पुढं दोन-तीन वर्षांनी शिरड शहापूरला एका जैन शेटजींकडे मी तापाचा रोगी बघायला गेलो होतो. सहज विचारलं, तर त्यांच्या घरात, त्यांच्या गल्लीत कुणालाच कधी नारू झालेला नव्हता. दुपदरी जाड कापडातून गाळल्याशिवाय त्यांच्याकडे पाणी प्यायचं नाही, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. गाळण्यात उरलेले जीव मरू नयेत म्हणून ते कापड उलटं करून, धुऊन, ते पाणी पोहऱ्यानं अलगद त्याच विहिरीत सोडायचे. मला तर खजिनाच सापडला. मी अमीनाबीच्या गावी गेलो, बारवेचं पाणी पेल्यात घेतलं, भिंग काढलं आणि एकेकाला आतल्या उड्या मारणाऱ्या पिसवा दाखवल्या. अमीनाबीनंही पाहिल्या आणि बराच वेळ भिंग सोडलं नाही. मी सांगितलं, शहापूरच्या जैन घरांत जसं पाणी गाळतात तसंच गाळा. गावानं मान डोलावली, आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा एका गावानं माझं शब्दशः ऐकलं. त्या गावाचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण चूक माझी होती.

लोकांनी जैन घरांची पुरी रीत उचलली. भिंगातून जिवंत जीव स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्यावर ते उकिरड्यावर फेकायला कुणाचं मन धजेना. म्हणून गाळण्यात उरलेलं बारवेत परत सोडायचं. शहापूरच्या विहिरीत पोहरा सोडतात, माणूस उतरत नाही. इथं बारवेला पायऱ्या. पाणी गाळणं हे बसून करायचं काम, म्हणून ते घराघरांत नारूनं घरी बसलेल्या माणसाकडे आलं. गाळून झालं की तोच लंगडत जायचा, पायऱ्या उतरायचा, गार पाण्यात पाय ठेवून कापड खळबळायचा. जळणाऱ्या पायाला बरं वाटायचं म्हणून थोडा रेंगाळायचाही. एरवी जे पाय घरी बाजेवर पडून राहायचे, ते मी माझ्या सल्ल्यानं रोज बारवेत उतरवले. आणि घरचं पाणी गाळलेलं असलं तरी येता-जाता पायरीवर ओंजळीनं पिणं कुणी सोडलं नव्हतं. हे सगळं त्या वर्षी कुणाला दिसलं नाही. नारूत हीच मोठी पंचाईत आहे. यंदा केलेल्या चुकीचं फळ पुढच्या उन्हाळ्यात हातात पडतं, आणि तोवर वैद्य खुशीत असतो.

पुढच्या वैशाखात अमीनाबीनं मला निरोप पाठवून बोलावलं. कोनाड्यातली लाल मोळी माझ्या हातात दिली. ती दोन्ही हातांत मावत नव्हती. मग आतल्या खोलीत नेलं. नऊ वर्षांची सकीना भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या उजव्या गुडघ्याच्या बाजूला फोड आला होता. गुडघ्यातला नारू तुटला तर सांधा धरतो आणि पाय जन्मभर सरळ राहतो, किंवा जन्मभर वाकडा. अमीनाबीला ते माझ्याहून जास्त माहीत होतं. "मी गाळत व्हते," ती म्हणाली. "हे लेकरू खाली बारवेवर सोबतीला यायचं. तहान लागली की तिथंच प्यायचं. मी बघत व्हते, डाक्टरसाब. मला वाटलं, तुमी सांगितलं हाय, आता काय व्हतंय..." ती माझ्यावर ओरडली असती तर सोपं गेलं असतं. तिनं मला पाणी दिलं, आणि मी ते पिऊ शकलो नाही.

पुढचे सव्वीस दिवस मी एक दिवसाआड त्या घरी गेलो. कापून काढावा असं मनात फार येई. हैदराबादच्या एका मित्रानं नारूत टोचून बघायचं एक बेभरवशाचं औषधही पाठवलं होतं. मी ते खिशात घेऊन जायचो आणि तसंच परत आणायचो. नवव्या दिवशी जखमेत पू झाला, पोर तापली. लढाईचे दिवस, सल्फाच्या गोळ्या मिळणं मुश्कील. मी दवाखान्यातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या आणल्या. अमीनाबी गोळी द्यायला आडवी आली नाही. गोळ्या सुरू केल्यापासून चौथ्या दिवशी पू आटला. "तुमची गोळी पू वाळवती, बराबर हाय," ती म्हणाली. "दोरा मातर माझ्याच हातात राहू द्या." दोरा तिच्याच हातात राहिला. सव्विसाव्या दिवशी दुपारी नारूचं शेपूट अख्खं काडीवर आलं. अमीनाबीनं सकीनाला उभं केलं, गुडघा दोन्ही हातांनी धरून हळूच वाकवला. तो वाकला. थोडा अडून, पण वाकला. मी अंगणात गेलो आणि तोंड धुतलं.

बारवेच्या पायऱ्यांवर भिंत घालून वर रहाट बसवायचा, म्हणजे कुणाचा पायच पाण्यात जाणार नाही, हे मला आता पक्कं कळलं होतं. पण मी सांगितलेलं कोण ऐकणार? चावडीवर बैठक भरली तेव्हा लोक अदबीनं बोलले, पण माझ्याकडे बघेनात. एकजण म्हणाला, "मागल्या साली भिंग दाखवलं, आता भिंत दाखवून राहिले." हशा झाला. मी हसलो नाही, पण रागावलोही नाही, हक्क नव्हता. तेव्हा दाराशी बसलेली अमीनाबी उठली. चावडीत ती आजवर कधी बोललेली नव्हती. "भिंत घाला," ती म्हणाली. "डाक्टरसाब चुकले, व्हय. चुकले म्हनूनच आता बराबर सांगून राहिले." पाटील तिच्याच वयाचे, लहानपणापासूनचे ओळखीचे. त्यांनी तिला जरा चिडवण्याच्या सुरात विचारलं, "बी, अगं नारू गेला तर तू खाशील काय?" अमीनाबी म्हणाली, "तर काय नातीचा पाय खाऊ?" दिवाळीच्या आत भिंत उभी राहिली.

नंतर लाल मोळी दर साल बारीक होत गेली. भिंतीमुळेच, की त्या दोन-तीन वर्षांत पाऊस चांगला होऊन बारव तुडुंब होती म्हणून, हे एका बारवेवरून छातीठोकपणे सांगता येणार नाही, असं मी तिला म्हणालो होतो. तिनं निळी मोळी दाखवली. पाऊस झिऱ्यावरही तेवढाच पडला होता, तिथं भिंत नव्हती, आणि ती मोळी होती तेवढीच होती. एक प्रश्न मात्र तिनं मला दहा-बारा वर्षांत निदान वीसदा विचारला, या उन्हाळ्यात शेवटची भेट झाली तेव्हाही: "एकाच घड्यातलं पानी. एका भावाला व्हतो, एकाला न्हाई. काहून?" मला माहीत नव्हतं. मी दोनदा वरच्या डॉक्टरांना पत्रं घातली, त्यांनाही माहीत नव्हतं. "तुमाला बी माहीत न्हाई, मला बी न्हाई," असं म्हणून ती प्रत्येक वेळी समाधानानं हसायची. आमच्या बरोबरीची तिला तेवढी एकच जागा वाटत असावी. मला विचाराल तर ती माझ्या बरोबरीची कधीच नव्हती, पुष्कळ पुढची होती, आणि हे मी तिला तोंडावर सांगितलं नाही याचं मला आता फार वाईट वाटतं. भादव्यातल्या त्या वाईट दिवसांत, मुसलमानांच्या घरांवर हल्ले होत होते तेव्हा, ज्या पायांना तिनं दोरा बांधला होता, त्यांतले कितीतरी पाय तिच्या दारापाशी राखणीला बसून होते, असं रसूलनं सांगितलं. पाटीलही बसले होते. ती आपल्या बाजेवर, आपल्या माणसांत गेली.

मग मी ती पुडी उघडली. आत लाल दोऱ्याचं एक कडं होतं, मोळीला घालतात तसं, पक्की गाठ मारलेलं. काड्या नव्हत्या. वाटेत सांडल्या असतील म्हणून मी टेबलाखाली वाकून बघू लागलो. सकीना म्हणाली, "काड्या न्हाईत, डाक्टरसाब. यंदा बारवेची एक बी न्हाई आली. दादीनं तरी गाठ मारली. म्हनली, साल झालं, गाठ तर मारावी लागल." मी ते कडं वहीच्या या सालच्या पानावर ठेवलं. तिला विचारलं, निळा दोरा कुठे आहे? "तो माझ्यापाशी," ती म्हणाली. "त्यात काड्या हाईत. तांड्यावर कवा येता?" मी उद्या येतो म्हणालो. ती उठली, दवाखान्याच्या तिन्ही पायऱ्या कठड्याला हात न लावता उतरली आणि बापाच्या पुढं चालू लागली.