पाला आणि गोळी

त्या दुष्काळात बिंदुसरेचं धरण आटलं आणि आमच्या पाली गावात दिवसभर पांढरं ऊन साचून राहायचं. दूध संस्थेतले कॅन निम्मेही भरत नव्हते. ते उचलायचं काम अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. एक दिवस कॅन त्यांच्या पायावर पडला, जखम चिघळली आणि बीडच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या.

आईचा भरवसा दगडी पाल्यावर. रान करपलं तरी तो बांधाला हिरवा असायचा. आदल्या संध्याकाळी ती त्याला हळद-कुंकू वाहून सांगून यायची, "उद्या न्यायला येते." सकाळी त्याचा रस जखमेवर पिळायची. तो उग्र, हिरवा वास मला अजून झोपेत येतो.

मी तेव्हा बीडला जंतुशास्त्र शिकत होते आणि मला शिंगं फुटली होती. एका रविवारी आईवर ओरडले, "एक तर पाला, न्हाईतर गोळ्या! दोन दगडांवर पाय नको." मला वाटलं, पाला सुटेल. अण्णांनी गोळ्या सोडल्या. झाडपाला चालू असताना दुसरं औषध घ्यायचं नाही, हे आमच्याकडचं जुनं पथ्यच. त्यावर मी शिकलेल्या पोरीचा शिक्का मारला.

पुढं पायाची दोन बोटं काढावी लागली.

गोळ्या अर्धवट सुटल्यानं जंतू निर्ढावले असावेत, असं आमचे जंतुशास्त्राचे सर म्हणाले. जखमेतले ते जंतू त्यांनी प्रयोगाला ठेवून घेतले होते. काचेच्या बशीत ते सायीसारखे पसरले. गोळीतल्या औषधाला त्यांनी दाद दिली नाही, पाल्याच्या अर्कालाही नाही. मग दोन्ही एकत्र ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिथं जंतू मरून स्वच्छ गोल उमटला होता, चंद्राला खळं पडतं तसा. मी किती वेळ बघत बसले, कोण जाणे.

"ही बशी आहे, माणसाचा पाय नव्हे," सर म्हणाले. खरंच होतं ते. तरी मला रडू आवरेना.

अण्णा पट्टी बदलायला बीडला आले तेव्हा त्यांना बशी दाखवली आणि सगळं सांगून टाकलं. दोन्ही चालू ठेवायला हवं होतं, मीच एक सोडायला लावलं. ते बराच वेळ वाकून बघत राहिले.

"म्हंजी तुजी आई चुकली न्हाई?"

"न्हाई, अण्णा."

"मंग तिला तेवढं सांग. लई दिस झाले, ती माज्या पायाला हात लावंना."