त्या बाईला दिलेला निरोप

फोनमधली ती गोड आवाजाची बाई मला एकदा समोरासमोर भेटावी, एवढीच माझी इच्छा आहे. ती माणूस नाही, हे मला कळतं. मी काय येडी नाही. पण रागाला कुठं कळतंय? राग म्हणतो, कुणाच्या तरी झिंज्या धरल्याच पाहिजेत, आणि या एवढ्या मोठ्या कंपनीला धरायला झिंज्याच नाहीत.

मी इंदापुरात ब्लाउज शिवते. घराची पुढची खोली हेच दुकान. माझी आई बावड्याच्या पुढं, वस्तीवर, एकटी राहायची. राहायची म्हणजे हट्टानं राहायची. वडील गेल्यावर मी किती डोकं आपटलं तिच्यापुढं, की चल माझ्याकडं. "तुझ्या घरी मी काय करू? माझ्या चुलीपुढं मी मालकीण हाय, तुझ्या गॅसपुढं पाव्हणी," हे तिचं ठरलेलं उत्तर. दोन शेळ्या, परसातली मेथी-कोथिंबीर आणि ती. शेवटी मी हात टेकले, पण एक अट घातली. रोज सकाळी शेळ्यांच्या धारा काढून झाल्या की मला मिस कॉल द्यायचा.

मिस कॉलवर आमच्या भागातले निम्मे संसार चालतात. पोचलो, निघालो, ऊस भरला, डबा पाठव, सगळं मिस कॉलवर. आईचं आणि माझं असं ठरलं होतं की एक मिस कॉल आला की ती बरी आहे, आणि लागोपाठ दोन आले की मी फोन करायचा. तिला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून बटणांचा साधा फोन घेतला आणि एक बटण दाबून धरलं की माझाच नंबर लागेल असं करून दिलं. त्या बटणावर माझ्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला. फोन ती बटव्यात घालून कमरेला खोचायची. म्हातारी वक्तशीर. माझ्या चहाला उकळी यायची आणि तिचा मिस कॉल यायचा. कित्येक वर्षं त्या एका रिंगवर माझा दिवस सुरू झाला.

आता यात कंपनीच्या बापाचं काय जात होतं? सिम घेतलं तेव्हा दुकानदार म्हणाला होता, इनकमिंग आयुष्यभर फुकट. कुणाच्या आयुष्याचं, ते विचारायचं राहून गेलं. पुढं म्हणायला लागले, फोन नुसता चालू ठेवायचा असला तरी दर महिन्याला रिचार्ज करा. बरं, केलं. न चुकता करत होते. पण मेल्यांनी काय करावं? पॅकचं नाव तेच ठेवलं, रंग तोच, किंमत तीच, आणि आतली वैधता गुपचूप काढून घेतली. बिस्किटाच्या पुड्यातली बिस्किटं कमी करतात ना, तसं. म्हणजे फोनमध्ये पैसे शिल्लक, पण बोलायची बंदी. आलेला फोनही घ्यायची बंदी. आणि हे कळवलं कुणाला? मला नाही. माझ्या आईला. इंग्रजीत मेसेज पाठवून. जिला स्वतःचं नाव मराठीत काढता येत नाही तिला इंग्रजीतून कळवलं, आणि झाले मोकळे.

ते दिवस थंडीचे होते, लग्नसराई तोंडावर. मी पहाटेपासून मशीनवर बसलेली. चहा उकळला, गाळला, पिऊन झाला, तरी मिस कॉल नाही. म्हटलं, शेळीनं आज दूध चोरलं असेल, धारेला वेळ लागला असेल. एक बाही जोडून झाली. तरी नाही. मग मीच फोन लावला. तर ती बाई बोलली, "आपण संपर्क करू इच्छित असलेल्या क्रमांकावर इनकमिंग सेवा उपलब्ध नाही. धन्यवाद."

धन्यवाद म्हणे. कसला धन्यवाद गं भवाने?

आईच्या वस्तीला लागून एकच घर, चुलत्याचं. ती सगळी माणसं लग्नाला कन्हेरीला गेलेली. नवरा कामाला वालचंदनगरला. मला वाटलं, रिचार्जचा घोळ दिसतोय, रिचार्ज मारला की लगेच मिस कॉल येईल. मोबाइलवरून रिचार्ज मारला. बँकेतून पैसे गेल्याचा मेसेज टुणकन आला. पैसे जायला कधी वेळ लागतो का? पण रिचार्ज काही होईना. स्क्रीनवर नुसतं चक्र फिरतंय. 'आपली विनंती प्रक्रियेत आहे.'

मग कंपनीला फोन केला. मराठीसाठी हे दाबा. रिचार्जसाठी ते दाबा. नवीन योजना ऐकण्यासाठी थांबा. थांबले. योजना ऐकल्या. गाणं ऐकलं. परत मराठीसाठी हे दाबा. माणसाशी बोलायचं बटणच नाही! गोल फिरवून परत पहिल्या जागी आणून सोडतात, मळणीच्या बैलासारखं.

ॲपमध्ये एक गप्पा मारायची सोय होती. एक हसरं चित्र आलं आणि खाली अक्षरं उमटली, 'नमस्कार! मी तुमची मैत्रीण. मला तुमची मदत करायला आवडेल!' मी लिहिलं, माझी आई वस्तीवर एकटी असते, तिचा फोन तुम्ही बंद केलाय, रिचार्ज मारलाय, आत्ताच्या आत्ता चालू करा. मैत्रिणीनं क्षणात उत्तर दिलं, 'आईसाठी खास! आमचा कुटुंब पॅक पाहा.' आणि पुढं नाचणारे फुगे.

माझ्या हातात तेव्हा कात्री होती. फोनचं नशीब बलवत्तर.

तेव्हा कुठं माझं डोकं ठिकाणावर आलं. म्हटलं, या यंत्राच्या नादाला लागून मी काय करत बसलेय? बावड्यात एक किराणा दुकानदार आहे, त्याच्या बायकोचे ब्लाउज मीच शिवते. त्याला फोन लावला. "तात्या, आईचा फोन लागत नाही, जीव थाऱ्यावर नाही, जरा बघता का?" पलीकडून फक्त एवढंच आलं, "निघालो." मागं शटर ओढल्याचा आवाज ऐकू आला. धंद्याच्या वेळेला माणसानं दुकान बंद केलं. कुठलं बटण दाबावं लागलं नाही.

मी मशीन तसंच टाकून, अंगावरच्या साडीवर वडापच्या जीपमध्ये बसले. निम्म्या वाटेत त्याचा फोन आला. "ताई, घाबरू नका. मावशी हायेत, बोलत्यात. गोठ्यात पडल्यात. पाय मात्र उचलत न्हाय."

मी पोचले तेव्हा तात्यानं तिच्या डोक्याखाली पोतं दुमडून ठेवलं होतं आणि अंगावर घोंगडं टाकलं होतं. तिला हलवायचं धाडस त्यानं केलं नव्हतं, दवाखान्याची गाडी मागवली होती. थंडगार फरशीवर ती आडवी, लुगडं भिजलेलं, ओठ निळे पडलेले. दुधाची किटली लवंडलेली. शेळ्या तिच्या पायाशी उभ्या राहून माझ्याकडं बघत होत्या. आणि आई मला काय म्हणाली?

"एवढा येळ का गं लावलास? मी तर कवाच निरोप दिला हुता."

"कुणाकडं दिला?"

"फोनवर ती बाई असती न्हवं, तिच्याकडं."

निरोप म्हणजे आमच्याकडं काय असतं, हे त्या कंपनीतल्या एकालाही कळायचं नाही. माझं लग्न झालं तेव्हा वस्तीवर कुणाकडं फोन होता? आई एसटीच्या कंडक्टरला सांगायची, इंदापूरला माझ्या लेकीला सांगा, बापाला ताप आलाय. तो स्टँडवरच्या रसवंतीवाल्याला सांगायचा, रसवंतीवाला माझ्या दारात येऊन उभा राहायचा. नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, पण निरोप पोचायचा. कानावर पडलेला निरोप पोचवला नाही तर पाप लागतं, ही तिची पक्की समजूत. सत्तरी ओलांडली तरी तिला निरोप बुडवणारा माणूस भेटला नव्हता.

गाडी येईपर्यंत ती सांगत होती आणि मी ऐकत होते. पाय घसरून पडली, उठता येईना, तशी तिनं कमरेचा फोन काढला आणि लाल ठिपका दाबला. पलीकडून बाई बोलली. "काय बोलली ते न्हाय कळलं बया, लई शुद्ध बोलती. पर आदी 'प्रिय' म्हणली. मी म्हणलं, बाई, मी गोठ्यात पडलीय, माझ्या लेकीला तेवढं सांगा. इंदापूरला असती, ब्लाउज शिवती. ती म्हणली, धन्यवाद. म्हणलं, ऐकलं न ऐकलं, म्हणून परत लावला. परत तीच. परत सांगितलं. परत म्हणली धन्यवाद. मग म्हणलं, आता सारखं सारखं कशाला तिला तरास?"

"अगं, पण हाका तरी मारायच्या! रस्त्यानं कुणीच गेलं नाही का?"

"गेली की दुधाची गाडी. हॉर्न वाजवला त्यानं. पर म्हणलं, निरोप तर दिलाय, लेक येतीयच. त्याला कशाला खोळंबा करायचा? दूध नासतंय."

दुधाची गाडी! वस्तीच्या तोंडापर्यंत येऊन, हॉर्न वाजवून गेलेली. एक हाक मारली असती तर तो ड्रायव्हर धावत आत आला असता. पण माझी आई गप्प पडून राहिली, कारण एका बाईनं तिला धन्यवाद म्हटलं होतं. मला तिथंच ओरडावंसं वाटलं. पण ओरडू कुणावर?

तिला बारामतीच्या दवाखान्यात नेलं. खुब्याचं हाड मोडलेलं. इतका वेळ गार फरशीवर पडून राहिल्यानं छातीत कफ धरलेला, म्हणून ऑपरेशन लांबलं. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती, आता वाचली तरी एकटीनं राहणं विसरा. तिला स्ट्रेचरवरून आत नेत होते, तेवढ्यात माझा फोन वाजला. 'अभिनंदन! आपला रिचार्ज यशस्वी झाला आहे.' आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, 'आमची सेवा कशी वाटली? आम्हाला पाच तारे द्या.' तारे? माझ्या डोळ्यापुढं चमकत होते तेवढे पुरेत की.

कफ उतरायची वाट बघत दवाखान्यात बसण्यापेक्षा मी एक दिवस बारामतीतल्या त्या कंपनीच्या ऑफिसात गेले. काचेची दारं, गारेगार एसी, भिंतीवर फोन कानाला लावून हसणारी म्हातारी. माझ्या आईच्या वयाची! मी त्या म्हातारीच्या चित्राखाली उभं राहून तोंड सोडलं. रांगेतली माणसं माझ्याकडं बघायला लागली. म्हटलं, बघा, चांगलं बघा. काउंटरवरची पोर हातातल्या टॅबवर बोट फिरवत म्हणाली, "मॅडम, सिस्टीममध्ये तुमचा नंबर चालूच दाखवतोय."

"त्या दिवशी बंद होता."

"मागचं आम्हाला दिसत नाही, मॅडम. तुम्ही ॲपवर तक्रार टाका."

"ॲपवरच्या कुणाला? त्या फुगेवाल्या मैत्रिणीला?"

पोरगी कावरीबावरी झाली. साहेब कुठं बसतात विचारलं, तर म्हणाली, इथं साहेब नसतात. मग कुठं असतात? तिलाही माहीत नव्हतं. तिला खरंच माहीत नव्हतं. तिचा पगारही कुठलं तरी यंत्रच टाकत असणार. मग तिच्यावर चिडून काय उपयोग? मी तशीच बाहेर आले आणि त्यांच्या पायरीवर बसून शिव्या दिल्या, आमच्या वस्तीवरच्या, ठेवणीतल्या. वॉचमन ऐकत होता. हसला नाही, उठही म्हणाला नाही.

ऑपरेशन झालं. आई वाचली. शेळ्या चुलत्याकडं गेल्या, घराला कुलूप लागलं. हे सगळं तिनं मुकाट्यानं मान्य केलं, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. भांडली असती तर बरं झालं असतं. पण एक गोष्ट तिच्या मनातून जाईना. दवाखान्यातून सुटायच्या आदल्या दिवशी मी तिला पेज भरवत होते, तर म्हणाली, "त्या बाईची जरा चवकशी कर गं. निरोप द्यायचा ती उगंच न्हाय राहायची. तिच्या घरी कुणाचं काय बरंवाईट झालं असंल."

इतके दिवस मी टाळत आले होते. त्या क्षणी मला राहवलं नाही. चमचा खाली ठेवला आणि म्हटलं, "आयं, तिथं बाई नसती. ते यंत्र असतं. कधीतरी आवाज भरून ठेवलाय, कुणीबी लावला की तेच बोलतं. तिला ऐकू येत न्हाय. तिला काय बी कळत न्हाय."

आईनं विचारलं, "म्हंजी तितं कुणीच न्हवतं?"

"कुणीच न्हवतं."

तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. मला वाटलं, झोपली. मी पेजेचं भांडं उचललं, तेव्हा तिचा आवाज आला, अगदी बारीक.

"मी तिला म्हणलं गं, मला एकटीला लई भ्या वाटतंय. तुला कधी म्हणलं न्हवतं."