दारात बांधलेली कोंबडी

साऱ्या गल्लीची ‘इना’, म्हणजे आई, असलेल्या वेरोनिकाचा राग सगळ्यांच्या ओळखीचा होता. लारांतुका या बेटावरच्या बंदरगावात, त्या चढणीच्या गल्लीत उजाडायच्या आधी तिच्या दगडाची ठकठक सुरू व्हायची. खापरात भाजलेला मक्याचा गरम दाणा ती उघड्या बोटांनी उचलायची, दगडावर ठेवायची आणि वरून दुसऱ्या दगडाचा एकच घाव घालायची. दाण्याचा पातळ, कुरकुरीत पोहा व्हायचा. नवरा गेल्यावर तिने हे पोहे विकून चार मुलं वाढवली. चटके सोसून बोटं बधिर झाली होती. जीभ झाली नव्हती.

त्या वर्षीच्या उपवासकाळात गल्लीतली प्रार्थना मंडळी दर मंगळवारी एकेका घरी जमत होती. चर्चमधून आलेल्या पुस्तिकेचा विषय होता ‘शेजारी’. मंडळीचे प्रमुख आमा, म्हणजे बाबा, दामियानुस; बंदरावरचे निवृत्त कारकून. गल्लीतली एकुलती एक मोटारसायकल त्यांची. पुस्तिकेतले प्रश्न ते मोठ्याने वाचत, सगळे माना डोलवत, आमा सुंदर अक्षरात उत्तरं लिहीत.

इनाच्या भिंतीला लागून असलेल्या घरात तीन महिन्यांपूर्वी बुटोन बेटावरचं एक जोडपं भाड्याने आलं होतं. मुसलमान. तो मासेमार, ती पोटुशी. गल्लीला एवढीच माहिती होती आणि एवढी पुरे वाटत होती. दुसऱ्या मंगळवारी, ‘शेजाऱ्यासाठी काहीतरी करा’ असं पुस्तिकेत आलं, तेव्हा आमांनी वर्गणीतून कोंबडी घेतली. मुसलमानाला आपल्या हातची कापलेली चालत नाही, हे तिथे लहान पोरालाही कळतं. म्हणून रीतीप्रमाणे ती जिवंतच नेली, त्या घराच्या खांबाला बांधली आणि हात झटकत ते परत आले. घरात कोणी आहे का, हेही पाहिलं नाही.

आठवडा गेला तरी कोंबडी खांबालाच. नळावर बायकांना विषय मिळाला.

“हिला काय पाळायला दिली होती?”

“आपल्या पैशाची नको असेल गं!”

“एवढा तोरा? भाड्याच्या घरात?”

इनाचंही डोकं तापलं. मंगळवारी दुपारी ती फडक्याला हात पुसत तरातरा निघाली. ‘नको असेल तर तोंडाने सांग, मुकं जनावर उन्हात कशाला ठेवतेस?’ हे वाक्य तिने वाटेत घोटून ठेवलं होतं. वाट होती बारा पावलांची.

कोंबडी उन्हात नव्हतीच. तिच्यावर पोत्याची सावली केली होती, पुढ्यात भात होता, करवंटीत पाणी होतं. दारात एक तरणी पोर गाठोड्याला दोरी आवळत होती. पोट इतकं पुढे आलेलं, की तिला वाकताही येईना.

“इना! या ना,” ती म्हणाली. “तुम्हालाच द्यायची होती.” आणि तिने कागदात गुंडाळलेली दोन अंडी पुढे केली. “तुमच्या कोंबडीची आहेत. कापायला आमच्यात पुरुष लागतो. नवरा दोन महिने समुद्रावर आहे. मशीद बंदरापाशी, तिथे मी कुणाला ओळखत नाही. म्हटलं, जगू दे बिचारी.”

घोटलेलं वाक्य सोडून इनाने गाठोड्याकडे बोट केलं. “हे गाठोडं कसलं?”

“गुरुवारची लाकडी बोट आहे बुटोनला. माहेरी जाते.”

“या दिवसांत? या समुद्रात? वाटेत कळा आल्या म्हणजे?”

“आणि इथे आल्या तर, इना? हाक मारली तर कोण येईल? गेल्या शुक्रवारी तुमचा दगड वाजला नाही. रोज त्या आवाजाने मला जाग येते. वाटलं, तुम्हाला बरं नाही. भिंतीवरून दोनदा हाक मारली.”

त्या शुक्रवारी इना तापाने फणफणली होती. हाक तिने ऐकली होती. ‘नवीन बाई काहीतरी मागत असेल,’ म्हणून कूस बदलली होती.

“नाव काय तुझं, पोरी?” तिने विचारलं, आणि हा प्रश्न विचारायला तीन महिने लागले म्हणून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

“वा सामिया. ‘वा’ आमच्याकडे बायकांच्या नावाआधी लावतात.”

संध्याकाळी पाचला मंडळी इनाच्याच घरी जमली. आमांनी चष्मा लावला. “प्रश्न तिसरा. शेजाऱ्यावर आपण कसं प्रेम केलं? लिहितो मी. एक कोंबडी, आणि सदिच्छा भेट.”

“कुणाची भेट, आमा?” इना म्हणाली.

“त्या... ह्यांची. पलीकडच्यांची.”

“नाव लिहा की. नावाशिवाय भेट कसली?”

आमांनी बायकांकडे पाहिलं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

“तीन महिने!” इना कडाडली. “मी धरून अकरा माणसं, रोज क्रुसाची खूण करणारी! त्या पोरीच्या पोटातलं लेकरू परवा बोटीत घालायला निघालो आपण, आणि इथे बसून प्रेमाची उत्तरं लिहितो? ती माझा दगड थांबला तर हाक मारते, आणि आपण? खोडा ते!”

“इना, प्रार्थना तरी होऊ दे आधी—”

“आज माझ्या घरी प्रार्थना नाही. उचला खुर्च्या. बारा पावलंच आहेत तिच्या दारापर्यंत.”

तिघी-चौघी ‘घरी काम आहे’ म्हणून सटकल्या. इनाने त्यांना दारातूनच दोन शब्द सुनावले. उरलेल्या बायका सामियाच्या अंगणात खुर्च्या मांडून अवघडून बसल्या. मग एकीने कितवा महिना ते विचारलं, दुसरीने पायांची सूज दाबून पाहिली, आणि तोंडं सुटली. आमा दामियानुस खांबापाशी पुस्तिका चुरगाळत उभे होते.

“मोटारसायकल... कधीही हाक मार,” ते शेवटी म्हणाले. “मी येईन.”

“हाक ऐकू येईल ना, आमा?” इना म्हणाली.

आमांची मान खाली गेली. “येईल.”

सामियाने सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं. गाठोडं मात्र तिने त्या दिवशी सोडलं नाही.

गुरुवारी बोटीचा भोंगा वाजला तेव्हा इना दाणे भाजत होती. तिचा हात थांबला. खापरातला मका करपायला लागला तरी ती भिंतीकडे कान लावून बसली.

“इना,” पलीकडून हाक आली, “दगड का थांबला?”

“मका जळला तुझ्यापायी!” इना ओरडली, आणि नव्याने मूठभर दाणे खापरात टाकले.