रणोजीरावांचे पाय

सायकलची एक शर्यत अशी असते की तिच्यात सगळ्यात शेवटी येणारा पहिला ठरतो, हे रणोजीरावांनी मला सांगितलं तेव्हा मी हसले. मी सांगलीची. आमच्याकडे मागे राहणाऱ्याला बक्षीस देत नाहीत, शिव्या देतात.

"हसू नका मृदुलाम्मा," ते म्हणाले. "जोरात तर कोणबी जातंय. पाय न टेकता हळू जाऊन दावा. एवढंच, अष्टे!"

नोकरीसाठी मैसूरला आले आणि नजरबादेत त्यांच्या माडीवर भाडेकरू म्हणून राहिले, तेव्हापासून या माणसाने मला असं खूप वेळा गप्प केलं आहे. यांचे पूर्वज मैसूरच्या राजाच्या घोडदळात होते. पुढे घोडे गेले, देव्हाऱ्यात एक तलवार राहिली आणि रणोजीरावांच्या वाट्याला सायकल आली. आयुष्यभर ते पाण्याचे मीटर वाचत गल्लोगल्ली फिरले. फाटकाशी येऊन पुढचं चाक जरा तिरकं करायचे आणि पाय खाली न टेकवता, जागच्या जागी उभे राहून आकडा वाचायचे. लोक मीटर सोडून त्यांच्याकडेच बघत बसायचे. दसऱ्याच्या खेळांत स्लो सायकलिंगला त्यांचं नाव आलं की बाकीचे अर्धे तिथेच ढेपाळत. त्यांच्या बायकोच्या, वनजाकाकूंच्या, न्हाणीघरातल्या सगळ्या बादल्या बक्षिसाच्या आहेत. एवढ्या बादल्या असून नळाला पाणी एक दिवसाआड येतं, हा भाग वेगळा.

पण त्यांचा खरा अभिमान होता एका जुन्या कन्नड सिनेमाचा. त्यात हिरॉईन रुसून चालत पुढे जाते आणि हिरो सायकलवरून तिच्या चालीने तिच्या मागे मागे जातो, असं गाणं होतं. मैसुरातच चित्रीकरण. हिरो साहेबांना काही ते जमेना, दर चार पावलांवर ते आडवे. शेवटी कुणीतरी रणोजीरावांना धरून आणलं, हिरोची पँट चढवली, त्याचे चावणारे बूट घातले आणि गाणं पार पडलं. पडद्यावर तोंड हिरोचं, पेडलवरचे पाय रणोजीरावांचे. पाट्यांमध्ये नाव नाही, जवळ फोटो नाही. बुटाने पायाला आलेला फोड तेवढा होता, तोही बरा झाला.

हे त्यांनी साऱ्या नजरबादेला सांगितलेलं होतं. लोक माना डोलवायचे. एक त्यांची नात, सहना, तेवढी डोलवत नसे. ती बोगादीला तिच्या आईवडिलांकडे असते, मराठी जेमतेम येतं, पण तोंड फटकळ. मागच्या वर्षी गौरी-गणपतीला सगळे जमले होते, तेव्हा आजोबांनी तिला मोबाइलवर ते गाणं लावून दाखवलं.

"पाय कुणाचे पण असतात, ताता," ती म्हणाली. "फेस कुठे तुमचा?"

सगळे हसले. मुलगा राघवेंद्रही हसला. रणोजीरावही हसले, पण त्या दिवशी त्यांनी ओबट्टू पानातच टाकला, आणि ओबट्टू म्हणजे आपल्या पुरणपोळीची बहीण, ती टाकणारा हा माणूस नव्हे.

त्याच सुमारास त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी बशीत कॉफी सांडायची, मग शर्टाची बटणं लागेनात. डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि वर सायकल बंद करायला सांगितलं. बाकी काय वाटेल ते बंद केलं असतं तरी चाललं असतं. मला त्या डॉक्टरांचा राग आला, आणि ते बरोबर सांगत होते म्हणून जास्तच आला.

यंदा एके दिवशी रणोजीराव जिना चढून माझ्याकडे आले. छोटेमोठे चमत्कारिक विक्रम नोंदवून घेणारी एक संस्था त्यांना मोबाइलवर सापडली होती. नखं वाढवणारे, नाकाने टाइप करणारे, सगळ्यांना तिथे जागा. म्हाताऱ्यांच्या गटात स्लो सायकलिंगही होतं. अट एवढीच की व्हिडिओ कुठेही तोडलेला नसावा, चालवणाऱ्याचा चेहरा आणि पाय एकाच वेळी दिसावेत, आणि घराबाहेरचा एक साक्षीदार असावा.

"तोंड आणि पाय, दोन्ही संगट," ते दोनदा म्हणाले. "मला कागूद नको, मेडल नको. एकदा पोरीला दावतो. हात पुरता जायच्या आत."

"काका, पडलात तर?"

"पडीन. पण आधी दिसीन की नाय?"

मी साक्षीदार झाले.

दिवस त्यांनीच ठरवला, विजयादशमीचा. दसऱ्याच्या हत्तींच्या मिरवणुकीसाठी आमच्या भागातले रस्ते सकाळपासून गाड्यांना बंद असतात, त्यामुळे एरवी स्कूटरींनी खच्चून भरलेली गल्ली त्या दिवशी अंगणासारखी मोकळी मिळते. महिनाभर ते गोळीची वेळ सांभाळून मागच्या अंगणात सराव करत होते. गोळी लागू पडली की थोडा वेळ हात शांत व्हायचा. तेवढ्या वेळात सायकलवर बसलेला तो माणूस बघितला की वाटायचं, काही झालेलंच नाही याला.

आदल्या दिवशी आयुधपूजा. या गावात त्या दिवशी बसपासून लॅपटॉपपर्यंत सगळ्याला हार पडतो. वनजाकाकूंनी तलवार पुजली, शिलाईचं मशीन पुजलं, सायकलच्या हँडलला झेंडू बांधले, चाकाखाली लिंबू ठेवलं. मग त्यांनी नवऱ्याचा मोबाइल उचलला.

"ह्योच तर उद्या खरं आयुध," त्या म्हणाल्या आणि मोबाइल पाटावर पालथा ठेवला. मागे कॅमेऱ्याची दोन भिंगं, म्हणजे त्याचे डोळेच. देवाला लावावं तसं त्यांनी अगदी मायेने डोळ्यांच्या वर मध्यभागी गंध लावलं, त्यावर कुंकवाचं ठसठशीत बोट ओढलं आणि अक्षता टाकल्या. हे रणोजीराव कौतुकाने बघत होते. त्यांच्या घराण्याची रीत अशी की पुजलेल्या आयुधाचं गंध पुसायचं नाही. तलवार त्या गंधानिशी मोहिमेवर जायची, गंध आपोआप झडेल तेव्हा झडेल. पुसलं की आयुध रुसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत ऊन लख्ख पडलं होतं. रणोजीरावांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, दाढी काकूंकडून करून घेतली. मोबाइल गल्लीच्या कडेला स्टँडला लावून त्यांनी स्वतःच बटण दाबलं. दुसऱ्या कुणाला त्याला हात लावू देईनात. उन्हात पडद्यावर काही दिसत नव्हतं आणि चष्मा त्यांनी मुद्दामच घरात ठेवला होता, चष्म्यात तोंड नीट येत नाही म्हणून. मी आणि काकू पल्याडच्या खडूच्या रेघेशी उभ्या होतो. आमच्या बाजूने मोबाइलच्या पाठीवर नुसतं लाल बोट दिसत होतं, शुभ वाटत होतं.

मग ते निघाले. निघाले तरी कसं म्हणू? चाक हलतंय की नाही तेच कळत नव्हतं. थांबायचे, तिरके व्हायचे, वीतभर पुढे सरकायचे, पुन्हा थांबायचे. समोरच्या घरातली माणसं मिरवणुकीला निघाली होती, ती पायरीवरच उभी राहिली. मला सायकलचं काडीचं प्रेम नाही, पण मी रेघ सोडून दोन पावलं पुढे आले होते. रणोजीरावांची मान ताठ आणि चेहऱ्यावर हसू. खोटं सांगत नाही, तो चेहरा राजाला शोभला असता. रेघ ओलांडली आणि काकूंनी टाळी वाजवली.

टाळीने की गोळीचा असर सरल्याने, हात थाडथाड उडायला लागला. सायकल गेली एकीकडे, ते गेले दुसरीकडे. खुब्याचं हाड मोडलं. रस्ते बंद, त्यामुळे रुग्णवाहिका गल्लीपर्यंत येईना. राघवेंद्र बोगादीहून वळसा घालून कसाबसा पोचला, तोवर चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून नाक्यापर्यंत उचलून नेलं होतं. एवढ्या वेदनेतही ते मला विचारत होते, "बंद केला ना व्हिडिओ? पुसला नाय ना?"

ऑपरेशन झालं. सायकलचं तर सोडाच, पुन्हा आधाराशिवाय चालता येईल असंही डॉक्टर बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी काकू डबा आणायला गेल्या होत्या, तेव्हा त्यांनी मला मोबाइल लावायला सांगितला. मी तो त्यांच्यासमोर धरला.

खालच्या अर्ध्या भागात सगळं स्वच्छ होतं. चाकं, पेडल, इस्त्रीची पँट, आणि ते पाय. काय पाय होते! वरच्या अर्ध्या भागात भिंगावर ओघळलेल्या गंधकुंकवाचा लाल-पिवळा धब्बा. छातीपासून वरचा माणूस त्यात बुडालेला. पहिल्या क्षणापासून रेघेपर्यंत, एकदासुद्धा चेहरा नाही.

आम्ही पूर्ण बघितलं. मला वाटलं ते ओरडतील, निदान काकूंना दोष देतील. मी तर मनातल्या मनात कुंकू, रीत, तलवार, सगळ्यांना शिव्या घालून मोकळी झाले होते.

"परत पायच," ते म्हणाले. "मृदुलाम्मा, जलमभर नुसते पायच. मग मी होतो कुठं?"

मी बघितलंय तुम्हाला, असं म्हणाले, पण माझं बघणं त्यांना काय उपयोगाचं? पाठवू नका कुणाला, एवढंच ते म्हणाले. नातीला काय सांगायचं तेवढं कळत नव्हतं त्यांना. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि ते रडले. म्हातारा माणूस रडताना मला बघवत नाही, पण मोबाइल अजून माझ्याच हातात होता, मी तशीच उभी राहिले.

तेवढ्यात काकू डबा घेऊन आल्या. मोबाइल बघून त्यांचा चेहरा फुलला. "लागला व्हय व्हिडिओ? दावा की मला. मी गंध लावल्तं, तवाच म्हटलं, यश येनारच."

मी घाबरून रणोजीरावांकडे बघितलं. त्यांनी डोळे पुसले आणि हात पुढे केला. मोबाइल घेतला, पडद्याचा वरचा अर्धा भाग तळव्याखाली झाकला आणि व्हिडिओ सुरू केला. काकू वाकून बघू लागल्या. झाकणाऱ्या हाताखाली ते दोन पाय निवांत पुढे सरकत होते, आणि वरचा हात थरथर कापत होता.

"अय्यो, किती स्थिर चाल्लेत पाय!" काकू म्हणाल्या. "हौदु, व्हय, तुझ्याच गंधानं," ते म्हणाले.

"पर हात काडा की हो वरचा. तोंड दिसू दे तुमचं."

हात त्यांनी काढला नाही. "हात हलतोय माझा, फोन सुटंल," ते म्हणाले. "तू पायच बघ, वनजा. पाय माझेच हायेत."