वानखेडेबाबूंचे बारा वजा

“वजा दीडशे,” वानखेडेबाबू पडद्यावर बोट ठेवून म्हणाले. “म्हणजे पोरीले नाही म्हणून सांगतो.”

ते भिलाईच्या आमच्या प्लांटमध्ये टाइम ऑफिसचे क्लार्क, मी कॉम्प्युटर सेक्शनला प्रोग्रामर. नव्वदच्या आसपासची गोष्ट. त्यांच्या मुलीला नागपूरला इंजिनिअरिंगची सीट मिळाली होती. होस्टेलचा खर्च झेपेल का, हे सोमवारपर्यंत ठरवायचं होतं. आमच्याकडे नुकतीच स्प्रेडशीट आली होती. म्हणजे चौकटींची वहीच, फक्त बेरीज-वजाबाकी ती स्वतः करते. साहेबांनी जेवणाच्या सुट्टीत बाबूंचा हिशोब तिच्यावर करायची परवानगी दिली, वर कागद जपून वापरा म्हणाले.

सॅलरी स्लिप बघून मी वर हातात येणारा पगार टाकला. खाली खर्च: किराणा, दूध, स्कूटर, क्वार्टरचं भाडं, वीज, क्रेडिट सोसायटीच्या कर्जाचा हप्ता, होस्टेल. बारा महिने, बारा वजा. कॉम्प्युटरनेच सांगितलं म्हटल्यावर विषय संपला. बाबूंनी प्रिंटआउटची घडी केली आणि डब्याच्या पिशवीत ठेवली.

मला चैन पडेना. मीही त्यांच्यासारखी प्लांटच्या कॉलनीत, सेक्टर सहातच राहायचे, संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. त्यांच्या मिसेस, सुमनताई, तो लांबलचक कागद दिवाणावर पसरून एकेक ओळ वाचत होत्या. किराणा बरोबर, दूध बरोबर. मग बोट थांबलं.

“भाडं कावून लिवलं? मले तर कधी द्या लागलं नाही. ते पगारातूनच कटते ना?”

मी कपाळावर हात मारला. भाडं, वीज, हप्ता, तिन्ही कापूनच तर पगार हातात येतो! मी तेच पुन्हा कापलं होतं. माझं स्वतःचं भाडंही कधी माझ्या हातून गेलं नव्हतं, मग ध्यानात येणार कसं?

दुसऱ्या दिवशी बाबूंना शेजारी बसवून तिन्ही ओळी पुसल्या. एंटर दाबलं. जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत आकडे सरसर बदलत गेले, वजाच्या खुणा दिसेनाशा झाल्या. बाबू खुर्चीतून उठून उभेच राहिले.

“अरे बापा,” ते हळूच म्हणाले, “सारं वर्षच पलटलं.”

मी रोज त्या मशीनवर बसणारी, पण माझ्याही अंगावर काटा आला.

मुलगी नागपूरला गेली. मशीनची बेरीज एकदाही चुकली नव्हती. तरी पुढे कोणाचंही बजेट केलं की मी आधी विचारायचे, घरात बाजार कोण करतं? प्रिंटआउट पहिल्यांदा त्यांच्याकडे पाठवायचे.