माणसं मोजणारा तांडेल

१९५८ साली, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेनऊच्या सुमारास, मालवणच्या धक्क्यावर एका होडीवाल्याला त्याच्याच होडीच्या दोरानं खुंटाला बांधलं. बांधणारे पोलीस नव्हते, परकेही नव्हते. ज्यांना त्यानं वीस वर्षं बोटीवर नेलं आणि बोटीवरून आणलं, तेच होते. ऊन डोक्यावर येईपर्यंत तो तसाच उभा होता. हे आधी लिहून ठेवतो, कारण गावात आता ही गोष्ट "तांडेलाक येड लागला तेवा" अशी सुरू होते. ती तिथून सुरू होत नाही.

त्याचं नाव लिहीत नाही. त्याच्या घरच्यांनी हात जोडून सांगितलं, "नाव घालू नको रे, चेडवाचा लगीन जावचा आसा." हिवतापानं आजारी पडलेल्याचं नाव कोणी असं लपवत नाही. पण मुलीचं लग्न अडवणारा मी कोण? आम्ही सगळे त्याला तांडेलच म्हणायचो. होडीवर ज्याचा हुकूम चालतो तो तांडेल.

तुम्हीही त्याच्या होडीत बसला असाल. मुंबईची बोट धक्क्याला लागत नाही, बाहेर खोल पाण्यात नांगर टाकून भोंगा देते, आणि माणसं होडीतून तिथवर न्यावी लागतात. मग तो तुम्हाला आठवत असेल. होडी सुटायच्या आधी उजव्या हाताचं बोट एकेकाच्या खांद्याला टेकवत तो पुढच्या नाळेपासून मागच्या सुकाणूपर्यंत जायचा. मामलेदार असो की कोळंबीवाली, खांदा सुटायचा नाही. मग धक्क्याकडे मान वळवून विचारायचा, "कोण रवलो काय?"

कोणी मागं राहिलेलं नसायचं. तो पुन्हा पहिल्या खांद्यापासून सुरू करायचा.

लोकांना ही करमणूक होती. एकदा एक पोटुशी बाई बसली होती. तिची शेजारीण ओरडली, "तांडेलानू, हो पोटातलो धरलो काय?" सगळी होडी हसली. तो हसला नाही. जरा विचार करून म्हणाला, "तो भायर इलो की धरतलंय," आणि आकडा चुकला म्हणून परत मोजायला लागला.

माझी त्याची ओळख गठ्ठ्यांमुळे. मी तेव्हा तेवीस वर्षांचा, गोवा मुक्तीच्या कामात बुडालेला. आमची पत्रकं मुंबईत छापून बोटीनं यायची. मी ती धक्क्यावर उतरवून घ्यायचो आणि सावंतवाडीपर्यंत वाटायचो. तो मला "कागदवाल्या" म्हणायचा. "कागदवाल्या, तुझो गठ्ठो मोजलंय. एकच आसा. तीनदा बघलंय."

त्या वर्षी श्रावणात, बोटी बंद आणि होड्या वर ओढून माडाच्या झापांखाली झाकलेल्या असताना, एका दुपारी तो आमच्या वाचनालयात आला. बाकावर बसला नाही. अंगावरचं पाणी निथळत दारातच उभा राहिला.

"कागदवाल्या, तुझ्या कागदांत सगळ्या जगाचा आसता. मनाचो डाक्टर खंय आसा, ता सांग."

"कोणाला काय झालं?"

"माका."

मग त्यानं सांगितलं. होडी वर ओढलेली, रिकामी. तरी सकाळपासून त्याच्या घर ते होडी अशा चार खेपा झाल्या होत्या. "फळी उचलून बघतंय. कोण नाय. माका म्हायत आसा कोण नाय. घराक पोचतंय, आणि मन म्हणता, नीट बघूक नाय तू. रात्री डोळो मिटत नाय. जेवताना पोरांका मोजतंय. हसा नको."

मी हसत नव्हतो. मी विचारलं ते इतर सगळे विचारायचे तेच. मागं कधी होडी उलटून कोणी गेलं होतं का?

"कोण गेलो नाय. वीस वर्सांत एक टोपी गेली. तीपण गावली."

गावानं नंतर बुडालेल्या माणसांच्या गोष्टी रचल्या. मला त्यांची चीड येते. दुखणं यायला पाप लागतं, अपघात लागतो, हाकामारीसारखं भूत लागतं, असं आपल्याला कोणी शिकवलं? त्याला दुखणं होतं. ते दुखणं आहे हे त्याला स्वतःला कळलं होतं, आणि त्यासाठी डॉक्टर असणार हेही. साऱ्या तालुक्यात त्या दिवशी त्याच्याइतका शहाणा प्रश्न कोणी विचारला नसेल.

मी त्याला बाजारातल्या डॉक्टरांकडे नेलं. सरळ माणूस. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माझ्याकडे तापाचं औषध आहे, खरजेचं आहे. याचं नाही. मनाचे डॉक्टर मुंबईला. पलीकडे गोव्यातही एक आहेत असं ऐकतो, ते जवळ पडलं असतं. आणि जिल्ह्याला वेड्यांचं इस्पितळ आहे. पण तिथं घरच्यांनी अर्ज करायचा, मॅजिस्ट्रेटनं हुकूम द्यायचा."

"हुकूम कसलो?"

"हा वेडा आहे, असा."

तांडेल उठून उभा राहिला. "डाक्टरानू, माका येडो ठरवू नका. बरो करा."

गोव्याचं नाव निघताच मी मध्ये बोललो होतो, "तो रस्ता नको." गोव्याच्या हद्दीवरच्या इन्सुलीच्या नाक्यापुढे तेव्हा जाता येत नव्हतं, आणि नाका कडक ठेवा, एक माणूस पलीकडे जाऊ देऊ नका, हे मीच पत्रकांतून ओरडत होतो. गोवा सुटायलाच हवा होता. पण ती ओळ लिहिताना "एक माणूस" म्हणजे कोण, हे माझ्या डोळ्यांपुढे नव्हतं.

उरली मुंबई. मी तिथल्या एका कार्यकर्त्याला लिहिलं. दसऱ्याच्या आठवडाभर आधी बोटीनं त्याचं पोस्टकार्ड आलं: डॉक्टरांचा पत्ता, बसण्याचे वार, "सोबत कोणी माणूस आणा." मी कार्ड खिशात घातलं आणि तांडेलाला सांगितलं.

त्याचा चेहरा उजळला. "दसऱ्याक तू जातसच मा मुंबैक? तुझ्यावांगडा येव काय?"

मी म्हणालो, "आता तिथल्या सभेची गडबड आहे, तांडेलानू. पुढच्या खेपेला."

"बरा," तो म्हणाला. "पुढच्या खेपेक."

पुढची खेप आलीच नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रजा संपलेले चाकरमानी मुंबईला परतत होते. होडी भरली. मी नाळेजवळ बसलो होतो. त्यानं मोजलं, पुन्हा मोजलं, पुन्हा मोजलं. बोटीचा भोंगा झाला. वल्हेकऱ्यांनी शिव्या घालून होडी सोडली. अर्ध्या वाटेत त्याचा सुकाणूवरचा हात थांबला.

"कोण तरी रवलो."

"कोण नाय रे! चल!"

"रवलो. माका दिसता."

आणि त्यानं होडी फिरवली. बायका रडायला लागल्या, पुरुष अंगावर धावले, पण सुकाणू त्यानं सोडलं नाही. धक्क्यावर पोचलो तेव्हा तिथं एक कुत्रं होतं, दुसरं कोणी नाही. मागं बोटीनं नांगर उचलला आणि ती निघून गेली.

मग दोर निघाला. मी दोर धरला नाही. मी ओरडलो, "बांधा ह्याला! लोकांच्या नोकऱ्या घालवतो!" ओरडायचं शिक्षण मला होतंच. माझ्या एका ओरडण्यानं दहा हात पुढं आले. पोस्टकार्ड माझ्या खिशात होतं.

खुंटाला बांधल्यावर तो झटापट करीत नव्हता. हात अडकले होते म्हणून समोरच्या माणसांना हनुवटीनं मोजत होता. माझ्यापाशी येऊन थांबला.

"कागदवाल्या, तू हयसर आसस. मगे कोण रवलो?"

तिसऱ्या दिवशी भावकीनं देवळात कौल लावला. रीत सर्वांना माहीत आहे: देवाच्या अंगावर फुलं लावायची, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा, उजवं फूल पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. प्रश्न घातला, "ह्याका खाऱ्या पाण्यार ठेवचो काय?" डावं फूल पडलं. त्याच संध्याकाळी त्याला धामापूरला, त्याच्या बहिणीकडे, खाऱ्या पाण्यापासून दूर नेऊन ठेवलं.

मी पेटलो. दोन दिवसांत पत्रक काढलं, मथळा "कौल की कोलदांडा?" भाषा झणझणीत होती. शाळामास्तरांनी पाठ थोपटली. पत्रकाची एक प्रत घेऊन मी मोठ्या ऐटीत धामापूरला गेलो.

तळ्याकडे उतरणाऱ्या वाटेवर घर. बहीण आणि तिचा घोव शेतावर गेले होते. कडेच्या खोलीला बाहेरून कडी होती. तिला लाकडी गजांची एक खिडकी, आणि खिडकीत तांडेल. मी गजांतून पत्रक वाचून दाखवलं. त्यानं नीट ऐकलं.

"देवाक कित्याक शिव्या घालतंस?" तो म्हणाला. "देवान डाक्टराक नको म्हटला नाय. देवाक तो प्रश्न कोणी घातलोच नाय."

खरं होतं. देवाला विचारलं ते खाऱ्या पाण्याचं. "ह्याका मुंबैच्या डाक्टराकडे न्हेवचो काय?" हे विचारायला कोणाची हरकत होती? उजवं फूल पडलं असतं तर सगळी भावकी त्याला बोटीपर्यंत पोचवायला आली असती. हा मार्ग मला सुचला नाही, त्याला सुचला, कोंडलेल्या खोलीत.

मी तसाच माघारी येऊन देवळाच्या मानकऱ्याकडे गेलो. त्याच्या हातात माझं पत्रक होतं.

"देव खोटो म्हणान कागद छापलंस," तो म्हणाला, "मगे तेका इचारूक कित्याक इलंस? जा, तुझ्या कागदाक इचार."

"माझ्यासाठी नाही, तांडेलासाठी..."

"तेचो कौल झालो. परत लागूचो नाय."

समुद्र त्याला बंद, नाका बंद, देऊळ बंद. एकच दार उघडं होतं, मॅजिस्ट्रेटचं, आणि त्यातून आत जायचं तर वेडा होऊनच जावं लागत होतं. घरच्यांनाही तो अर्ज नको होता, नाव जाईल म्हणून. त्यांनी कडी पसंत केली. त्याची बहीण दुष्ट नव्हती, हे सांगितलं पाहिजे. त्याला गरम पेज द्यायची, डोक्याला तेल लावायची. कडी काढली तर तो आठ मैल चालत होडी बघायला जायचा, म्हणून कडी.

मी महिन्या-दोन महिन्यांनी जायचो. खिडकीतून तो तळ्यावर जाणाऱ्या बायका मोजायचा. सुरुवातीला त्याचं ओरडणं ऐकून त्या घाबरल्या. "सात गेल्यो, सा इल्यो! कोण रवली काय?" एक दिवस सातवी चिडून खिडकीशी आली. "मी मागल्या वाटेन घराक गेलंय रे! जळ्ळी तुझी मोजणी!" त्यानं तिला पाहिलं आणि जमिनीवर बसून लहान मुलासारखा रडला. त्यानंतर मागची वाट जवळची असली, तरी बायका खिडकीवरूनच परत जाऊ लागल्या. कळशी कमरेवर घेऊन एकेक जण म्हणायची, "तांडेलानू, मी इलंय हां." त्याला मिळालेलं औषध एवढंच, आणि ते कळशीवाल्या बायकांनी दिलं.

तीन वर्षं गेली. गोवा मोकळा झाला. मालवणात पेढे वाटले, मीही वाटले. इन्सुलीचा नाका ओलांडायला आता कोणाची परवानगी लागत नव्हती. बाजारातल्या डॉक्टरांकडून मी पलीकडच्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी घेतली आणि सकाळीच धामापूर गाठलं. कसालला जाऊन पुढं गोव्याकडची गाडी पकडायची होती.

बहिणीनं कडी काढली. त्याला धुतलेलं धोतर नेसवलं होतं. "चल, तांडेलानू," मी म्हणालो, "मनाचा डॉक्टर सापडला."

तो उंबऱ्यापर्यंत आला. उंबऱ्यावर थांबला. मान वळवून रिकाम्या खोलीत बघितलं.

"कोण रवलो काय?"

"कोणी नाही."

तो परत आत गेला. चटई उचलून बघितली, दारामागं बघितलं, उंबऱ्यावर आला. परत आत गेला. मी हात धरला, तो त्यानं सोडवून घेतला. बहीण म्हणाली, "भाऊ, आत कोण नाय रे, तूच होतंस." तो म्हणाला, "म्हणानच सांगतंय. मी भायर गेलंय तर हडे रवतलो तेका कोण बघतलो?" आणि आत गेला. रस्त्यावर एस.टी. येऊन थांबली. कंडक्टरनं दोनदा घंटी वाजवली. गाडी गेली.

तीन वर्षांपूर्वी तो स्वतः चालत माझ्याकडे आला होता. तेव्हा तो बोटीत बसला असता.

पुढच्या पावसाळ्यात त्याला ताप आला. तापाला मात्र डॉक्टर बोलावल्याबरोबर आले. कौल लागला नाही, अर्ज लागला नाही, नाव गेलं नाही. पाचव्या दिवशी तो वारला. तळ्यावरच्या बायका अजून त्याच वाटेनं परततात. खिडकीपाशी आल्या की जरा हळू चालतात.

आता तुमच्याकडे वळतो. या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर अर्ज आहे: तालुक्याच्या दवाखान्यात महिन्यातून एक दिवस तरी मनाचा डॉक्टर बसला पाहिजे, आणि त्याच्याकडे जाणाऱ्याला आधी वेडा ठरवता कामा नये. त्यावर सही करा. पण सहीच्या आधी एक काम करा. घरातली माणसं मोजा. पंगतीला बसतात तेवढीच नव्हे, सगळी. मागल्या पडवीतला भाऊ मोजा, पाहुणे आले की जिला आत जा म्हणता ती सून मोजा. खांद्याला बोट लावून मोजा. कोण राहिलं असेल तर त्याला घेऊन या खेपेलाच निघा. आणि कडी बाहेरून असेल तर ती आज काढा.