आधी कोणता भाग दाखवायचा?

शेवेच्या डब्याच्या तळाशी जो चुरा साचतो ना, तसे असतात हे किस्से. आपण मुद्दाम काही जमवत नाही. रोज मूठभर काढून खात असतो, आणि एक दिवस डबा घासायला घेतला की कळतं, अरे, खाली तर एवढं सगळं राहिलंय! लहान मुलांसोबत सिनेमे बघायला बसलं की हा चुरा जरा जास्तच साचतो. पडद्यावर एक सिनेमा चालू असतो आणि त्यांच्या डोक्यात दुसराच.

घर आमचं, इंदूरच्या स्नेहलतागंजमधलं. मी, आई आणि बाबा. जूनपासून दर रविवारी ताई आणि तिची दोन मुलंही. ताई लग्न होऊन साताऱ्याला गेली होती. मुलांपायी सुटलेली नोकरी तिला इतक्या वर्षांनी परत मिळाली, ती नेमकी इंदूरला! विजय नगरमध्ये ऑफिस आणि तिथंच भाड्याचा फ्लॅट. जिजाजी अजून साताऱ्यातच आहेत, सुट्टी मिळेल तसे येतात.

मिहिर आठ वर्षांचा. तो आल्या आल्या बिल्डिंगमधल्या पोरांत मिसळून गेला. सई पहिलीत. घरात तिची बडबड थांबत नाही, आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की तोंडाला कुलूप! शाळेत नाही, व्हॅनमध्ये नाही, खालच्या दुकानदारानं हातात चॉकलेट ठेवलं तरी नाही. ताईनं सांगूनच टाकलं होतं, "दिवाळीपर्यंत बघते. नाही जमलं तर नोकरी सोडते आणि परत जाते."

ती हे अगदी साध्या आवाजात म्हणाली, भाजी संपलीय म्हणावं तसं. मी मात्र दचकले. तशी मी कशानंही दचकते. कुकरच्या शिट्टीलाही, अजून. पण कुकर निदान शांत होतो, दिवाळी मात्र जवळच येत राहते.

रविवारी मुलांना रमवायचं कसं, यावर बाबांचं उत्तर तयार होतं. "आपली सिरीज दाखवू!"

*

आपली सिरीज म्हणजे मारधाडीचे इंग्रजी सिनेमे, हिंदीत डब केलेले. बोटीवरची नोकरी सुटलेला एक कॅप्टन असतो. दर भागात तो कशात तरी अडकतो आणि सगळ्यांना बाहेर काढतो. एकदा जहाज, एकदा रोपवे, एकदा बोगद्यातली गाडी. लहानपणी ताई आणि मी बाबांच्या दोन बाजूंना बसून हे बघायचो. ताई शिट्ट्या मारायची. मी उशीमागून ऐकायची.

आता प्रश्न असा, की आधी कोणता भाग दाखवायचा?

बाबा म्हणाले, "पहिला. अपन सगळं कायद्यात, ओळीनं करणार." मी म्हटलं दुसरा, कारण पहिल्याची सुरुवातच स्फोटानं होते. ताई म्हणाली, "एकही नको." आई म्हणाली, "आधी जेवून घ्या."

मिहिर बराच वेळ ऐकत होता. मग म्हणाला, "शेवटचा आधी दाखवा."

"अरे, मग मजा काय राहिली?" बाबा.

"शेवटच्यात कॅप्टन जिवंत आहे ना, ते बघून घेऊ. मग बाकीचे सगळे आरामात बघता येतील!"

बाबा हसले. मला हसू आलं नाही. मी पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचते, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. हे आठ वर्षांच्या पोराला कुठून कळलं?

*

शेवटी पहिल्यापासूनच सुरुवात झाली. मी शनिवारी एकटीनं तो भाग पूर्ण बघून ठेवला होता, आवाज बारीक करून. कुठं दचकायला होतं ते पाठ केलं, म्हणजे ऐन वेळी सईला जवळ घेता येईल. तयारी एकदम पक्की!

रविवारी पहिल्याच स्फोटात जहाजाचा दरवाजा उडाला आणि पोह्यांची प्लेट माझ्या हातातून थेट बाबांच्या मांडीवर गेली. कधी उडणार ते माहीत असूनही!

सई माझ्या मांडीवर चढली आणि तिनं आपले दोन्ही तळहात माझ्या डोळ्यांवर ठेवले. "मावशी, तू बघू नको. झालं की मी सांगते."

मी तशीच बसले. कानावर नुसता धडाका.

"सई, काय चाललंय?"

"काही नाही. चहा पितायत."

धाड! पुन्हा धाड!

"अगं, मग हा आवाज कसला?"

"कप फुटला."

*

दुसऱ्या भागात रोपवे आहे. दोन गुंड वरून खाली पडतात. आम्ही हे किती वेळा बघितलं असेल, पण त्या दोघांचं पुढं काय झालं असा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

सईला पडला. "आजोबा, त्यांच्या आईला कोण सांगणार?"

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "खाली जाळी असते बेटा. शूटिंगवाले लावतात."

झालं! त्या दिवसापासून जो पडेल त्याच्यासाठी बाबांना जाळी लावावी लागली. पुलावरून पडला, जाळी. गच्चीवरून पडला, जाळी. समुद्रात पडला तर "त्याला पोहता येतं." बाबांना सिनेमा धड बघायलाच मिळेना, सारखं लक्ष खाली. त्यात तिसऱ्या भागात एक अख्खी मोटारबोट आतल्या गुंडासकट बॉम्बनं उडवतात. सई बाबांकडे बघायला लागली. मिहिर तर वाटच बघत होता.

"आजोबा, आता सांगा! याला तर उडवला!"

बाबा म्हणाले, "उडवला ना? मग उडाला. खाली पडला असं कुठं दाखवलंय?"

*

मिहिरला सईला चिडवायची फार हौस. एकदा कॅप्टन शुद्ध हिंदीत गुंडांना दम देत होता, तेव्हा मिहिर म्हणाला, "बघ सई, गोऱ्या माणसाला पण हिंदी येतं! तुलाच येत नाही."

सई टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. कॅप्टनच्या तोंडाकडे बघत राहिली. मग मागं वळून म्हणाली, "त्याला पण नाही येत. तो नुसतं तोंड हलवतोय. बोलतंय दुसरंच कुणीतरी."

आम्ही सगळे हसलो. बाबांनी तर "वाह बेटा, क्या पकडा है!" म्हणून पाठ थोपटली.

त्याच आठवड्यात ताईला शाळेत बोलावलं. मीही सोबत गेले. मॅडम चांगल्या होत्या, आवाजही मऊ. त्या म्हणाल्या, "देखिए, बच्ची को कोई दिक्कत नहीं है। प्रार्थना में बराबर खड़ी रहती है। बस, होंठ हिलाती है, आवाज नहीं निकालती।"

परत येताना ताई गाडी चालवत होती. सिग्नल हिरवा झाला तरी तिला कळलं नाही. मागच्यानं हॉर्न दिला, तेव्हा आम्ही दोघीही दचकलो.

*

मग तो रोपवेचा प्रकार घडला. मिहिरनं विजय नगरच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीच्या ग्रिलपासून कपाटाच्या हँडलपर्यंत नायलॉनची दोरी बांधली, दोरीला ताईची ऑफिसची पर्स अडकवली आणि पर्समध्ये सईची बाहुली बसवून सोडली. बाहुली वाचली. पर्सचा बंद तुटला आणि आतल्या डब्यातली भेंडी ताईच्या धुतलेल्या कपड्यांवर सांडली.

त्या रविवारी ताईनं मला स्वयंपाकघरात गाठलं.

"बंद कर तुझे ते सिनेमे."

"ताई, पण सईला आवडतायत. आता ती भीतही नाही."

"घरात नाही भीत! बाहेर काय? सकाळी व्हॅनची वेळ झाली की तिचे हात बर्फासारखे होतात. ते तुला दिसत नाहीत, मला दिसतात." तिनं झारा कढईच्या काठावर आपटला. "आणि तू सांगणार मला? तुझं अख्खं बालपण उशीमागं गेलं, आणि तू माझ्या पोरीला धीट करणार?"

खरं तेच होतं ते. मी कोथिंबीर निवडत राहिले. निवडून झालेलीच पुन्हा निवडली.

थोड्या वेळानं ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "मला ऑफिसात बरं वाटतं गं. तिथं माझ्या टेबलावर माझं नाव आहे. रोज ते बघते आणि रोज वाटतं, पोरीच्या आवाजाच्या बदल्यात घेतलंय मी हे."

बाहेर चौथा भाग चालू होता. कॅप्टन पेटलेल्या गोदामातून पळत होता. ताई झारा घेऊन, टीव्ही बंद करायला म्हणून बाहेर गेली. बराच वेळ झाला तरी आवाज काही बंद होईना. मी डोकावून बघितलं, तर ती बाबांच्या खुर्चीला टेकून उभी. झाऱ्यातून तेल टपकतंय, आई ओरडतेय, आणि ताई म्हणतेय, "मेला अजून तसाच पळतो! एक पाय जरा फेकून!"

सिनेमे बंद झाले नाहीत. पण दिवाळीची मुदत काही तिनं मागं घेतली नाही.

*

आईचाही एक सांगते, नाहीतर तिला वाईट वाटेल. आई कधीच बसून बघत नाही, येता-जाता बघते. त्यामुळे इतक्या वर्षांत तिचा असा समज झालाय की हा सगळा एकच सिनेमा आहे आणि तो अजून संपायचाय. पाचव्या भागात कॅप्टन दवाखान्यात पट्ट्या बांधून पडलेला असतो. आई ताटं घेऊन आली, थांबली, आणि हळहळून म्हणाली, "शेवटी लागलंच ना त्याला! मी तेव्हाच म्हणत होते, त्या जहाजावर चढू नको म्हणून."

सईला ते पटलं. कॅप्टनकडे बघून ती म्हणाली, "आजीचं ऐकायचं होतंस की."

*

आणि दिवाळीच्या आधीच्या रविवारी नवा भाग लागला. विजय नगरच्याच मॉलमध्ये, सकाळचा शो. ताईला यायचं नव्हतं. आदल्या दिवशी तिनं जिजाजींना फोनवर "येतेय मी परत, सोमवारी ऑफिसात सांगते" म्हटलेलं मी ऐकलं होतं. बाबांनी तिच्यासमोर फक्त गाडीची किल्ली धरली. मग ती आली.

मॉल खच्चून भरलेला. सई ताईच्या ओढणीत तोंड खुपसून चालत होती. आमच्या इंदूरमध्ये गर्दी म्हणजे गोंगाट, आणि गोंगाट म्हणजे 'भिया'. भाऊ, दोस्त, अनोळखी माणूस, सगळ्यांना एकच हाक. तिकीट तपासणारा म्हणाला, "आगे चलो भिया!" पॉपकॉर्नच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, "भिया, जरा साइड देना!" सईच्या शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हरही खिडकीतून हेच ओरडतो, "बैठो भिया, जल्दी!" आमचे कान जन्मापासून याला सरावलेले. ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

आत अंधार झाला. मी सवयीनं खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. या वेळी कॅप्टन धरणाच्या भिंतीवर अडकलेला. आवाज तर असा, की छातीत वाजावा. पहिला तडा गेला आणि मी डोळे मिटून घेतले. त्यामुळे पुढचं मी पाहिलेलं नाही, ऐकलंय.

आमच्या मागच्या रांगेत एक मुलगा रडायला लागला. आवाजावरून चार-पाच वर्षांचा असावा. त्याचे वडील त्याला समजावत होते, "अरे भिया, कुछ नी होता!" पोरगं आणखी जोरात. "देख भिया, फिलिम है! ओ भिया! इधर देख भिया!"

माझ्या शेजारची खुर्ची करकरली. ताई दबक्या आवाजात म्हणाली, "सई, खाली बस! अगं, उभी काय राहतेस?" बाबाही म्हणाले, "बेटा, पडशील!" मी डोळे उघडले. सई खुर्चीवर चढून, पडद्याकडे पाठ करून उभी होती. मागं धरण फुटत होतं आणि त्या उजेडात तिचा एक हात कमरेवर होता.

आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात ती त्या माणसाला म्हणाली, "काका, त्याला सारखं भिया, भिया काय म्हणताय? तो भ्यालाय की आधीच!"